साठच्या खाली

३ एप्रिल

मास्तरीणबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून दाखवायची गरज नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवतेस. कागदावर ओरडता येत नाही, आणि तू पत्र मधेच ठेवलंस तरी उरलेलं तिथंच वाट बघत थांबतं. दोघांची सोय.

तुझी आई रोज दुपारी फोन करते. "जेवलात का? काय जेवलात? खोटं बोलू नका." एवढं झालं की ठेवते. काल मात्र म्हणाली, "आज लेकीच्या घरचे तीन मजले न थांबता चढले. धाप नाही, छातीत शिट्टी नाही." मी म्हटलं, वा! मग म्हणाली, "इथं बरं वाटतं हो मला." आणि गप्प झाली.

आता माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. रस्त्याच्या पलीकडच्या घरातलं एसी आठवड्यात बंद पडणार हे मी चालता चालता सांगतो. त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला बरोबर ऐकू आलं. तिला तिथं आवडायला लागलंय.

आठ महिन्यांपूर्वी तू तिला घेऊन गेलीस तेव्हा बेडरूमच्या शेल्फवर ते हवेतला ओलावा मोजायचं मीटर ठेवलंस आणि खाली चिठ्ठी चिकटवलीस : "साठच्या खाली. सलग एकवीस दिवस. मग आई घरी येईल. मीटर परत हवं आहे." सख्ख्या बापाला नोटीस! तू गेल्यावर मी ते एकदा भिंतीवर मारलं आणि एकदा फरशीवर. एक ओरखडा नाही. मालाची पारख तुला आहे, ती माझ्याकडून आली.

आज कपाटाखालून काढून, पुसून परत शेल्फवर ठेवलं. अठ्ठ्याहत्तर दाखवतंय. ज्यानं या गावातली निम्मी घरं गार केली त्याच्या घरात अठ्ठ्याहत्तर? मीटरच चुकत असणार.

तुझा बाप


९ एप्रिल

मास्तरीणबाई,

मीटर चुकत नाहीये. दुकानातून आणखी दोन आणली. तिघंही एकच बोलतात, जसं काही आधी ठरवून आलेत.

मग दुकानातल्या लांब्याला बोलावला. तुला आठवत असेल, लहानपणी तू त्याच्या खांद्यावर बसून पंख्याला हात लावायचीस. आता त्याचे गुडघे बोलतात, पण जिभेला काही झालेलं नाही. म्हणाला, "मालक, इतकी वर्षं लोकांची घरं बघितली, आपलं कधी बघितलंच नाही. चला, आज आपणच गिऱ्हाईक."

डास मारायची कॉइल पेटवली आणि ती घेऊन भिंतीभिंतीनं फिरलो. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकला तर तिथून हवा ये-जा करते. तो कसला सरळ जातोय! स्विचबोर्डपाशी वाकला, खिडकीच्या चौकटीपाशी वाकला. स्वयंपाकघरातला वाफ ओढणारा पंखा तर वाफ बाहेर टाकतच नाही, छताच्या पोटात नेऊन सोडतो. लांब्या म्हणाला, "हे घर आहे का चाळणी?" बाहेरची सगळी दमट हवा आपल्याकडे राहायला येते आणि आम्ही तिला गार करत बसतो.

शेवटी बेडरूममधलं तुझ्या आईचं कपाट सरकवलं. मागची भिंत काळी. नुसता डाग नाही, मखमल. हात लावला तर ओला. ती ज्या बाजूला झोपते, तिच्या उशीपासून हातभर अंतरावर. वर बघितलं तर एसीच्या मशीनचे पाइप जिथून भिंतीबाहेर जातात तिथं मूठ जाईल एवढं भोक, आणि त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. बोळा उलगडला. घर बांधलं त्या वर्षीचा अंक.

असलं गचाळ काम! लांब्यानंच केलं असणार. मी त्याला चांगला झापला. तो काही बोलला नाही.

भिंत खरवडून, धुवून, वाळवून घेतली. भोकं बुजवली, पंख्याची वाफ पाइपानं घराबाहेर काढली. मीटर सत्तरवर आलंय. आईला यातलं काही सांगू नकोस, उगाच घाबरेल.

तुझा बाप


१७ एप्रिल

मास्तरीणबाई,

आधी मागच्या पत्रातली दुरुस्ती. ते भोक लांब्यानं नाही केलं. तो त्या महिन्यात आजारी होता. स्वतःच्या घरातलं मशीन स्वतःच्या हातानं बसवायचं म्हणून मी शिडीवर चढलो होतो. भोक मोठं पडलं, संध्याकाळ झाली होती, पाहुणे यायचे होते, हाताशी पेपर होता. लांब्याला हे माहीत होतं. त्या दिवशी मी झापत होतो तेव्हा तो फक्त माझ्याकडे बघत होता. आज मी त्याच्यासाठी चहा केला. प्यायला आणि म्हणाला, "साखर कमी आहे, पण माफी पोचली."

आता दुसरी गोष्ट, ती याहून जड आहे.

तीन वर्षांपूर्वी नव्या दुकानाच्या उद्घाटनाला चाळीस माणसांसमोर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही सगळ्यांना गरजेपेक्षा मोठं मशीन बसवता. खोली गार होते, पण कोरडी होत नाही." मी म्हटलं, "याच मोठ्या मशीनांवर तू इमारतींची इंजिनियर झालीस." लोक हसले, टाळ्या पडल्या. तू पर्समधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवलास. आपल्याच घराचा नकाशा होता, उन्हाचे बाण काढलेला. मी तो चुरगाळून केराच्या टोपलीत टाकला. आणखी टाळ्या पडल्या. तू त्याच संध्याकाळी गेलीस, ती थेट तुझ्या आईला न्यायलाच आलीस.

तुला माहीत नाही ते सांगतो. टोपली रिकामी करायला मीच गेलो. तो कागद तीन वर्षं काउंटरच्या ड्रॉवरमध्ये गॅरंटी कार्डांच्या खाली होता. इस्त्री केलेला.

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी बाहेर काढला. अक्षर काय सुंदर आहे गं तुझं! 'गच्ची पांढरी करा.' केली. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता अनवाणी उभा राहून बघितलं. याच गच्चीवर पूर्वी पापड भाजता आला असता. शेजारचे निवृत्त तहसीलदार त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "काय हो, नवस फेडताय का?" मी म्हटलं, "या, तुम्हीही उभे राहा!" आले, राहिले, आणि रंगाचं नाव लिहून घेऊन गेले.

'पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्या.' ही मला लागली. ती दिवाणखान्याची मोठी काच माझा जीव. पत्र्याच्या खोलीत वाढलेल्या माणसानं भिंतभर काच लावली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. आतून जाड पडदे होतेच की. पण तुझं बरोबर आहे. ऊन एकदा काचेच्या आत शिरलं की पडदा लावणं म्हणजे पाहुणा जेवायला बसल्यावर दाराला कडी घालणं. बाहेरून लाकडी पट्ट्यांची झडप लावून घेतली. आता रस्त्यावरून काच दिसत नाही. पण संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून बसता येतं.

मीटर सहासष्ट. शेवटची ओळ राहिलीय. ती मी रोज वाचतो आणि कागद परत घडी घालून ठेवतो.

तुझा बाप


२३ एप्रिल

मास्तरीणबाई,

शेवटची ओळ : 'बेडरूमला पाऊण टन पुरे.'

पाऊण! मी तिथं दोन टनांचं बसवलंय. माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे : 'मागाल त्याहून मोठं!' आमच्या धंद्यात सगळे एक माप वर देतात. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, आपल्याला परत शिडी चढावी लागत नाही. मी त्यावरही एक माप वर द्यायचो. मोठेपणाच तो.

परवा दुपारी बेडरूममध्ये खुर्ची टाकून नुसतं ऐकत बसलो. मोठं मशीन धडाडून सुरू झालं, चार मिनिटांत खोली गार, खट्‌, बंद. सात मिनिटांनी परत धडाडलं. बाहेर पाण्याच्या नळीखाली बादली ठेवली होती. तासाभरात तळ भिजला, बस. हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकायला मशीनला सलग चालावं लागतं. हे मी बावीस वर्षांचा असताना उस्तादांकडून शिकलो होतो. पुढं मोठा माणूस झालो आणि विसरलो. खोली गार आणि ओली, बेडकाच्या पोटासारखी. त्यात ती झोपत होती.

काल पाऊण टनाचं बसवलं. भोक बेताचं पाडलं, कडेनं नीट लिंपलं. लांब्या खालून म्हणाला, "मालक, पेपर देऊ का?"

सव्वीसवर लावलं, वरचा पंखा मंद ठेवला. ते गरजत नाही. मांजर झोपेत करतं तसला आवाज, पण थांबत नाही. आणि बादलीत टप्‌, टप्‌, टप्‌. सकाळी अर्धी बादली. मी ती उचलून किती तरी वेळ बघत उभा राहिलो. हे पाणी आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तुझ्या आईच्या छातीत जात होतं.

आज मीटर सत्तावन्न. खोटं वाटलं तर लांब्याला विचार. पहिला दिवस.

तुझा बाप

ता. क. वीजबिलाचं तुला सांगणार नाही. "मी म्हटलं नव्हतं का" हे तुझं वाक्य मला इथूनच ऐकू येतंय.


११ मे

मास्तरीणबाई,

परवा सतराव्या दिवशी मीटर चौऱ्याहत्तरवर गेलं. सेल उतरला असेल. आज अठ्ठावन्न आहे. मधला एक दिवस धरायचा की सोडायचा ते तू ठरव. माझ्या मते सेलाचा दोष माणसाला लावू नये.

तुझा बाप


१३ मे

मास्तरीणबाई,

सेल नवा होता.

त्या दिवशी मी तीस गिऱ्हाइकांना घर दाखवायला बोलावलं होतं. काय करू, राहवेना! गच्चीवर नेलं, झडपा उघडझाप करून दाखवल्या, बादली दाखवली. पुढचं दार दुपारभर सताड उघडं, चहाचं मोठं पातेलं उकळतंय, तीस माणसं एका खोलीत श्वास सोडतायत आणि मधे मी भाषण देतोय, घर कोरडं कसं ठेवावं. लांब्यानं मागून कुजबुजून सांगितलं, "मालक, मीटर बघा." मी म्हटलं, "बोलणं झाल्यावर." तोवर भिंतींना घाम फुटला होता.

हे पत्र लिहायच्या आधी मी दुसरंच एक लिहिलं होतं : 'एकवीस दिवस पूर्ण, आईला पाठव.' तू मानलं असतंस. तू माझ्यावर चिडतेस, पण माझा शब्द तपासत नाहीस, हे मला माहीत आहे. पाकिटावर पत्ता लिहिला, पेटीपर्यंत गेलो. पण ती घरी आली असती, पहिल्या रात्री शिट्टी वाजली असती, आणि मला ती ऐकू आली असती. पत्र फाडलं. हे खरं फाडलं, इस्त्री करण्यासारखं ठेवलं नाही.

उद्यापासून परत पहिला दिवस. आईनं आज विचारलं, "आवाज का असा?" मी म्हटलं, घसा बसलाय.

तुझा बाप


२१ मे

मास्तरीणबाई,

एकदा खरं बोलायची सवय लागली की थांबत नाही बघ. गावच्या वाचनालयात गेलो होतो. एक खोली, चार हजार पुस्तकं, एक ग्रंथपाल बाई. सात वर्षांपूर्वी तिथं मी भलंमोठं मशीन बसवलं होतं. वर्षभरात बाई दुकानात आल्या होत्या. पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी येते म्हणाल्या. मी म्हटलं होतं, "बाई, मशीन उत्तम आहे. पुस्तकं म्हातारी झालीत." दुकानातले सगळे हसले. त्या निघून गेल्या.

चार दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "पुस्तकं म्हातारी नव्हती. माझं माप चुकलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सहा वर्षं मी पुस्तकांना दोष दिला. ती बिचारी उलट बोलत नाहीत म्हणून."

"मशीन बदलून देतो."

"आणि पुस्तकं?"

तर आता मी आणि लांब्या सकाळी दोन तास तिथं मास्क लावून, कोरड्या फडक्यानं पुस्तकं पुसतो. एका पुस्तकाचं पान उघडं पडलं, मी जरा थांबलो, तर मागून आवाज आला, "वाचत बसू नका, पुसा!" तुझ्याच जातकुळीतली बाई.

तिथून थेट पेंटरकडे गेलो. म्हटलं, पाटीवरची ओळ खोड. तो म्हणाला, "वीस वर्षं लोक त्या ओळीनं दुकान ओळखतात, साहेब. नवीन काय लिहू?" मी म्हटलं, "लिही : 'आधी मोजतो, मग बसवतो.'" तो म्हणाला, "यात जोर नाही." मी म्हटलं, "जोर होता, तोच काढायचाय."

नव्या पाटीच्या पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला दीड टन हवं असताना एक टन दिलं. तो दहा मिनिटं माझ्याकडे संशयानं बघत होता. जाताना लांब्याला विचारलं, "मालक आजारी आहेत का?"

आज आठवा दिवस. छप्पन्न. घरात कुणाला येऊ देत नाही. तहसीलदारांशी दारातूनच बोलतो, तेही थोडक्यात.

तुझा बाप


४ जून

मास्तरीणबाई,

एकवीस दिवस झाले काल. सगळ्यात जास्त एकोणसाठ, तेही एक दिवस, मी मोजे घरात वाळत घातले होते म्हणून. रोजचे आकडे वेगळ्या कागदावर आहेत, सोबत जोडतो. प्रत्येक दिवसापुढं लांब्याची सही आहे. तो म्हणाला, "मालकांच्या शब्दाला साक्षीदार लागतो हे मला आज कळलं." मी म्हटलं, "मलाही."

आता तू काय ठरवतेस ते ठरव. ती यायला तयार आहे का, ते आधी तिला विचार. तिला तिथं बरं वाटतं. जबरदस्ती नको. मी काही म्हणणार नाही.

कपाटाला आतून नवा कागद लावलाय.

तुझा बाप


१२ जून

मास्तरीणबाई,

तू तिला गाडीत बसवून दिलंस, स्वतः आली नाहीस. ठीक आहे, कामं असतात.

ती परवा सकाळी पोचली. चप्पल काढली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वाळलात." मी म्हटलं, "घरही वाळलंय." हसली नाही. सरळ बेडरूममध्ये गेली. आधी भिंतीला तळहात लावला. मग कपाट उघडलं, कपड्यांच्या घडीत नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मी दारात. तीस वर्षांत कुठल्या मशीनची चाचणी द्यायला मी असा दारात थांबलो नव्हतो. शेवटी मान वर करून म्हणाली, "अहो, कसलाच वास येत नाही."

मला लोकांनी आजवर शाली दिल्या, ढाली दिल्या, पेपरात फोटो आला. पण 'कसलाच वास येत नाही' हे मी पाटीवर लिहिणार होतो. पेंटर नको म्हणाला.

काल दुपारी ती झोपली. मी खुर्ची घेऊन बाजूला बसलो, माझी नेहमीची जागा, ऐकायची. आधी ते छोटं मशीन ऐकू आलं. मग बादलीतले थेंब. मग भिंतीवरचं घड्याळ, ते इतकी वर्षं वाजतं हेच मला माहीत नव्हतं. आणि त्या सगळ्यांच्या खाली तिचा श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. स्वच्छ. एकदाही शिट्टी नाही.

तेव्हा मला उमगलं. रस्त्यापलीकडचं मशीन ऐकणाऱ्या या कानांना हातभर अंतरावरची छाती इतकी वर्षं ऐकू आली नाही, कारण मधे माझंच दोन टन गरजत होतं. तुला ऐकू आली. तू चाळीस माणसांसमोर बोललीस, आणि बरोबर बोललीस. त्या दिवशी टाळ्या चुकीच्या वाक्याला पडल्या. काल मी एकट्यानं, आवाज न करता, बरोबर वाक्याला वाजवल्या. ती जागी झाली नाही.

आता दुकानात कुणी विचारलं, "मोजायचं कुठून शिकलात?" तर मी सांगतो, माझ्या मुलीकडून. दिवसातून चारदा सांगतो. कुणी विचारलं नाही तरी.

राहता राहिलं तुझं मीटर. चिठ्ठीत तू ते परत मागितलं आहेस, विसरलेलो नाही. पण पोस्टानं पाठवायला मन होत नाही. फार नाजूक वस्तू आहे, वाटेत कुणी आपटलं तर फुटेल. ते न्यायला तुलाच यावं लागेल.

आई म्हणते, दोन दिवस राहायच्या बेतानं ये.

तुझा बाप